'की'चे इंग्रजी कसे करावे : क्रियापद पाहून गौण वाक्य जोडण्याच्या पायऱ्या

मराठी माध्यमातून शिकून नोकरीला लागलेल्या माणसाचे इंग्रजी अडते ते बहुधा शब्दांपाशी नव्हे. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल निर्यात करणाऱ्या कार्यालयात मी पत्रव्यवहाराचे काम करतो, आणि नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींचे मसुदे बाहेर जाण्यापूर्वी माझ्या टेबलावरून जातात. त्यांना शिपमेंट, शेड (रंगछटा), जीएसएम (कापडाचे दर चौरस मीटरला ग्रॅममधील वजन) हे सगळे ठाऊक असते; सांगणे, सुचवणे, विचारणे यांना इंग्रजीत काय म्हणतात हेही पाठ असते. घोटाळा होतो तो त्या क्रियापदाच्या पुढच्या दोन-तीन शब्दांत. 'सजेस्ट' लिहिल्यावर पुढे 'दॅट' लिहावा, 'टू' लिहावा, की मध्ये 'यू' घालावा हे ठरत नाही, आणि मग मराठी वाक्याची मांडणी जशीच्या तशी इंग्रजी शब्दांत उतरते. मीही मराठी शाळेतूनच या कामात आलो असल्यामुळे ही गाठ कुठे बसते आणि कशी सुटते, ते पायरीपायरीने येथे मांडतो.

मराठीत म्हणणे, वाटणे, कळणे, ठरणे, सुचवणे, विचारणे यांपैकी कोणत्याही क्रियापदापुढे 'की' ठेवला तरी गौण वाक्य जोडले जाते. इंग्रजीत असा सर्वांना चालणारा एक शब्द नाही. पुढचे वाक्य कोणत्या रूपात यायचे हे तेथे प्रत्येक क्रियापद स्वतः ठरवते. त्यामुळे 'की'चे भाषांतर शोधण्याऐवजी क्रियापदाला काय चालते ते पाहावे, एवढीच या संपूर्ण लेखाची दिशा आहे. इंग्रजी वाक्ये मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती डोळ्यांनी न वाचता तोंडाने म्हणावीत.

काय जवळ ठेवावे

एक जाड वही, मोबाइलमधील ध्वनिमुद्रणाची सोय, आणि रोज नजरेखालून जाणारा इंग्रजी मजकूर, मग तो वर्तमानपत्राचा असो किंवा कार्यालयात येणाऱ्या पत्रांचा. पत्रांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी : जर्मनीतील किंवा जपानमधील ग्राहकही तुमच्यासारखाच इंग्रजी शिकून लिहीत असतो, तेव्हा परदेशातून आले एवढ्यावरून प्रत्येक वाक्य नमुना म्हणून उतरवून घेऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे परभाषक विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. इंग्रजी-मराठी कोश अर्थ सांगतो, पण क्रियापदापुढे काय येते हे तो बहुधा सांगत नाही. ही उणीव ओळखली ती ए. एस. हॉर्नबी या इंग्रज शिक्षकाने. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. सहकाऱ्यांसह त्यांनी रचलेला कोश १९४२ साली टोकियोत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. क्रियापदांच्या वापराचे २५ साचे ठरवून त्यात क्रियापदांपुढे साच्याचे क्रमांक दिले होते. आजच्या कोशांत क्रमांकांऐवजी साचाच छापलेला असतो. 'थिंक' पाहिल्यास पुढे कंसात 'दॅट' दिसेल. कंसाचा अर्थ हा शब्द गाळता येतो. 'एसबी' म्हणजे 'समबडी', येथे माणूस हवा. 'एसटीएच' म्हणजे 'समथिंग', येथे वस्तू किंवा गोष्ट हवी. नवशिके अर्थ वाचून कोश मिटतात आणि नेमकी ही अक्षरे वगळतात, जी आपल्या कामाची असतात.

१. आधी आपला 'की' कोणता ते ओळखा

मराठीतील प्रत्येक 'की' इंग्रजीत एकाच ठिकाणी जात नाही. 'चहा की कॉफी' यातील 'की' म्हणजे 'ऑर'. 'माल आला की कळवा' यातील 'की' वेळ दाखवतो, तेथे 'व्हेन' लागतो. 'तो येणार की नाही' यात शंका आहे, तेथे 'व्हेदर' किंवा 'इफ' येतो. आपल्याकडे बोलताना वाक्याच्या शेवटी जो 'की' येतो, 'येतो की', 'हाय की', तो नुसता जोर देतो आणि इंग्रजीत त्याला शब्दच नाही. शाळेच्या व्याकरणात ज्याला स्वरूपबोधक म्हणतात, तो 'मला कळले की माल निघाला' यातील 'की' या लेखाचा विषय आहे.

हेच काम मराठीत 'असे' आणि 'म्हणून' हे शब्दही करतात, आणि ते गौण वाक्याच्या शेवटी बसतात : 'माल निघाला असे कळले.' सोलापुरात ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात त्यांचा 'अनि' आणि कन्नड घरांतील 'अंत' हेही तसेच, वाक्य संपल्यावर येतात. इंग्रजीत ही सोय नाही. तेथे आधी मुख्य क्रियापद आणि मग गौण वाक्य असाच क्रम लागतो. म्हणून 'असे'चे वाक्य मनात आले तर ते आधी मराठीतच उलटून घ्यावे, 'कळले की माल निघाला', आणि मगच इंग्रजीकडे वळावे. ही एक सवय लागली तरी मसुद्यातील निम्मी ओढाताण संपते.

२. ज्यांना साधा 'दॅट' चालतो ती क्रियापदे

थिंक, नो, से, बिलीव्ह, होप, फील, नोटिस, रिअलाइज ही क्रियापदे 'दॅट' घेतात आणि मराठीच्या सर्वांत जवळची आहेत. 'आय नो दॅट द ट्रक हॅज लेफ्ट.' रोजच्या बोलण्यात थिंक, नो, से, होप यांच्यामागचा 'दॅट' बहुतेक वेळा गळतोच : 'आय थिंक ही इज बिझी.' प्रत्येक वेळी 'दॅट' उच्चारणे चूक नाही, पण सतत ऐकू आले की बोलणे पुस्तकी वाटते. उलट औपचारिक पत्रात तो ठेवावा. आणि एका क्रियापदाला दोन वाक्ये जोडायची असतील तर दुसरा 'दॅट' कधीच गाळू नये. 'द मॅनेजर सेड दॅट द ऑर्डर वॉज रेडी अँड दॅट द पेमेंट हॅड अराइव्ह्ड.' यातील दुसरा 'दॅट' काढला, तर पैसे आल्याचे मॅनेजर सांगत आहे की पत्र लिहिणारा, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

येथे दोन सापळे आहेत. पहिला श्वासाचा. मराठीत आपण 'तो म्हणाला की' येथवर येऊन थांबतो, लिहिताना 'की'नंतर स्वल्पविरामही देतो. इंग्रजीत 'दॅट' पुढच्या वाक्याला चिकटलेला असतो. त्याच्यानंतर थांबत नाहीत, स्वल्पविराम देत नाहीत, आणि त्याचा उच्चारही ठसठशीत 'दॅट' असा न होता 'दट' असा ओझरता होतो. मोबाइलवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐका. थांबा कुठे पडतो ते लगेच लक्षात येईल.

दुसरा सापळा नकाराचा. 'आय थिंक ही विल नॉट कम' हे व्याकरणाने चालते, पण इंग्रजी बोलणारा माणूस 'आय डोन्ट थिंक ही विल कम' असे म्हणतो. मराठीतही 'तो येईल असे मला वाटत नाही' हे आपण म्हणतोच, तेव्हा येथे मराठीचाच आधार घ्यावा. मात्र 'होप'ला ही युक्ती लावू नये. 'आय होप ही वोन्ट बी लेट' असेच म्हणतात. 'आय डोन्ट होप' असे म्हणत नाहीत.

३. मध्ये माणूस हवा की नको

'से' आणि 'टेल' या दोहोंना मराठीत आपण सांगणे किंवा म्हणणे म्हणतो, पण 'टेल'ला ज्याला सांगितले तो माणूस लगेच पुढे हवा. 'ही टोल्ड दॅट' हे वाक्य अपुरे आहे. 'ही टोल्ड मी दॅट' किंवा 'ही सेड दॅट' यांपैकी एक घ्यावे. इन्फॉर्म, रिमाइंड, अश्युअर, कन्व्हिन्स ही 'टेल'च्या बाजूची आहेत. त्यामुळे 'वी इन्फॉर्म दॅट' असे लिहून पत्र सुरू करू नये, 'वी वुड लाइक टू इन्फॉर्म यू दॅट' असे लिहावे.

एक्स्प्लेन, सजेस्ट, मेन्शन ही 'से'च्या बाजूची आहेत. त्यांना माणूस जोडायचाच असेल तर आधी 'टू' लागतो : 'शी एक्स्प्लेन्ड टू मी दॅट द कलर हॅड फेडेड.' 'एक्स्प्लेन मी' आणि 'सजेस्ट मी' ही दोन रूपे आपल्या शहरातच काय, देशभर इतकी रुळली आहेत की ऐकणाऱ्याला ती खटकतही नाहीत. परीक्षेत, मुलाखतीत आणि परदेशी पत्रात मात्र ती चूकच धरली जातात.

४. दुसऱ्याचे बोलणे सांगताना

ही पायरी सावकाश चढावी, कारण येथे चुकले तर वाक्य नुसते अशुद्ध होत नाही, त्याचा अर्थच बदलतो. मराठीत आपण दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. 'ड्रायव्हर म्हणाला की मी सहापर्यंत येतो.' यातील 'मी' म्हणजे ड्रायव्हर, हे मराठी कानाला आपोआप कळते. त्याचे 'द ड्रायव्हर सेड दॅट आय विल अराइव्ह बाय सिक्स' असे केले, तर पत्र लिहिणारा स्वतःच सहा वाजता पोहोचणार, असा अर्थ समोरचा घेतो आणि गोदामाच्या दारात तुमची वाट पाहतो. बरोबर वाक्य : 'द ड्रायव्हर सेड दॅट ही वुड अराइव्ह बाय सिक्स.'

येथे दोन गोष्टी बदलल्या. सर्वनाम सांगणाऱ्याच्या बाजूने बदलले, 'मी'चा 'ही' झाला. आणि मुख्य क्रियापद भूतकाळी असल्यामुळे 'विल'चा 'वुड' झाला. याच नियमाने 'इज'चा 'वॉज', 'हॅज'चा 'हॅड', 'कॅन'चा 'कुड' होतो. मराठीत 'तो म्हणाला की मी आजारी आहे' यात 'आहे' तसाच राहतो, म्हणून हा बदल आपल्याला अनावश्यक वाटतो. पण इंग्रजीत सहसा 'ही सेड दॅट ही वॉज इल' असे सांगतात, मग तो माणूस अजून आजारी असला तरीही. जी गोष्ट सांगताना अजून खरी आहे तिच्यासाठी वर्तमानकाळ ठेवण्याची मुभा असते : 'ही टोल्ड मी दॅट सोलापूर इज हॉटर दॅन पुणे.' नवशिक्याने या मुभेच्या मागे लागू नये. लेखी मजकुरात काळ मागे नेला तर सहसा कोणी चूक काढत नाही.

वेळेचे शब्दही तपासावेत. सोमवारच्या पत्रातील 'उद्या' शुक्रवारी सांगताना 'टुमॉरो' राहत नाही. 'द नेक्स्ट डे' किंवा सरळ 'ऑन ट्यूजडे' लिहावे. मुख्य क्रियापद वर्तमानकाळी असेल, जसे 'ही सेज', तर काळ मागे न्यावा लागत नाही. सर्वनाम मात्र तेव्हाही बदलते.

५. गौण वाक्य प्रश्नाचे असेल तर

'त्याने विचारले की माल कुठे आहे?' यात मराठीत 'की' आहे, पण इंग्रजीत 'आस्क्ड'नंतर 'दॅट' येत नाही. प्रश्नाचा शब्दच जोडणीचे काम करतो : 'ही आस्क्ड व्हेअर द गुड्स वेअर.' शब्दांचा क्रम पाहा. सुट्या प्रश्नात 'व्हेअर आर द गुड्स' असा जो उलटा क्रम असतो, तो गौण वाक्यात सरळ होतो. रेल्वे स्थानकावर एखाद्या परप्रांतीय प्रवाशाला विचारायचे असेल तर 'डू यू नो व्हेन द सिद्धेश्वर एक्सप्रेस लीव्हज?' असे विचारावे. 'व्हेन डज द सिद्धेश्वर एक्सप्रेस लीव्ह' हा क्रम 'डू यू नो'च्या मागे लावू नये. प्रश्नातील 'डू', 'डज', 'डिड' गौण वाक्यात गळतात, आणि 'डिड' गळाला की भूतकाळ मूळ क्रियापदावर येतो : 'टेल मी व्हॉट ही सेड.'

उत्तर हो किंवा नाही असे असणारा प्रश्न 'इफ' किंवा 'व्हेदर'ने जोडावा. 'आय डोन्ट नो दॅट ही विल कम ऑर नॉट' हे वाक्य मसुद्यांत वारंवार दिसते. तेथे 'दॅट'च्या जागी 'व्हेदर' हवा. 'इफ' की 'व्हेदर' यात बोलताना फारसा भेद नाही, पण पुढे 'टू' असेल तर 'व्हेदर'च चालतो : 'वी आर डिसायडिंग व्हेदर टू शिप बाय सी.'

याच कुळातील आणखी एक रचना मराठी माणसाला हमखास लागते. 'मला लूम (माग) चालवता येतो' याचे 'आय नो टू रन अ लूम' होत नाही; 'नो'च्या मागे 'हाऊ टू' लागतो : 'आय नो हाऊ टू रन अ लूम.' मुलाखतीत स्वतःची कौशल्ये सांगताना हे वाक्य हमखास येते, म्हणून आधीच तोंडात बसवून जावे.

६. 'करावे असे वाटते' : येथे 'दॅट' बहुधा चालत नाही

मराठीने येथे एक फार चांगली खूण ठेवली आहे. गौण वाक्याच्या क्रियापदाला 'वा, वी, वे' लागले असेल, म्हणजे तपासावे, पाठवावे, यावे अशी रूपे असतील, तर इंग्रजीत 'दॅट' लिहिण्याआधी हात थांबवावा. 'आपण शेड तपासावी असे आम्हाला वाटते' याचे 'वी वॉन्ट दॅट यू चेक द शेड' असे इंग्रजी होत नाही. 'वॉन्ट'ला माणूस आणि मग 'टू' लागतो : 'वी वॉन्ट यू टू चेक द शेड.' पत्रात 'वॉन्ट' जरा हुकमी वाटतो, म्हणून 'वी वुड लाइक यू टू चेक द शेड' असे लिहावे. आस्क, टेल, रिमाइंड, रिक्वेस्ट, ॲडव्हाइज, एक्स्पेक्ट, अलाऊ, इन्व्हाइट या सर्वांची हीच रीत आहे. मधला माणूस 'ही' नव्हे तर 'हिम', 'दे' नव्हे तर 'देम' या रूपात येतो, आणि नकार 'टू'च्या आधी बसतो : 'आय टोल्ड हिम नॉट टू ओपन द बॉक्स.' करणारा तोच असेल, 'मला जायचे आहे', तर मध्ये माणूस नको : 'आय वॉन्ट टू गो.'

'टेल' आणि 'रिमाइंड' दोन्ही बाजूंना दिसतात, याचे कोडे पडू नये. 'त्याला सांगितले की माल आला' ही माहिती आहे, म्हणून 'आय टोल्ड हिम दॅट द गुड्स हॅड कम.' 'त्याला सांगितले की माल उतरव' ही आज्ञा आहे, म्हणून 'आय टोल्ड हिम टू अनलोड द गुड्स.' मराठीत दोन्हीकडे 'सांगितले की' आहे. इंग्रजीत मात्र माहितीला 'दॅट' आणि आज्ञेला 'टू' अशी वाटणी पक्की आहे. एकदा ही वाटणी लक्षात आली की 'टेल'शी भांडण उरत नाही.

आता अपवाद, आणि तोच सर्वांत मोठा सापळा. सजेस्ट, रेकमेंड, डिमांड, इन्सिस्ट यांचा अर्थ 'करावे' असाच आहे, तरी त्यांना 'दॅट' लागतो. 'आय सजेस्टेड हिम टू गो' चूक. 'आय सजेस्टेड दॅट ही गो' किंवा 'दॅट ही शुड गो' बरोबर. पहिले रूप अमेरिकी लिखाणात अधिक, दुसरे ब्रिटिश लिखाणात. 'ही'पुढे 'गोज' न येता नुसता 'गो' येतो, ही छपाईची चूक नव्हे. आमच्याकडच्या मसुद्यांत लाल शाई सर्वाधिक पडते ती 'सजेस्ट यू टू' वर. 'होप'लाही माणूस आणि 'टू' चालत नाही : 'आय होप यू टू कम' नव्हे, 'आय होप यू विल कम.'

७. लावणे, देणे आणि घेणे

'त्यांनी मला तासभर थांबायला लावले' : 'दे मेड मी वेट फॉर ॲन अवर.' 'त्यांनी मला जाऊ दिले' : 'दे लेट मी गो.' 'मेक' आणि 'लेट' यांच्यानंतर 'टू' येत नाही, एवढेच येथे सांभाळायचे. कर्मणी प्रयोगात मात्र 'मेक'ला 'टू' परत मिळतो, 'आय वॉज मेड टू वेट', आणि 'लेट'च्या जागी 'अलाऊ' घ्यावा लागतो, 'आय वॉज अलाऊड टू गो'.

'मी त्याच्याकडून कार्टन मोजून घेतले' यासाठी 'गेट'ला 'टू' लागतो आणि 'हॅव'ला लागत नाही : 'आय गॉट हिम टू काउंट द कार्टन्स', 'आय हॅड हिम काउंट द कार्टन्स'. कोणी मोजले हे महत्त्वाचे नसेल तर 'आय हॅड द कार्टन्स काउंटेड' पुरे. 'हेल्प'ला दोन्ही चालतात, तेव्हा त्याची चिंता करू नये.

८. 'टू' की 'आयएनजी'

येथे पाठांतराला पर्याय नाही, पण ते मर्यादित आहे. डिसाइड, प्लॅन, अग्री, रिफ्यूज, प्रॉमिस, मॅनेज यांच्यामागे 'टू'. एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड, माइंड, कीप, गिव्ह अप, कन्सिडर यांच्यामागे 'आयएनजी' रूप. 'सजेस्ट'ला 'दॅट' नको असेल तर त्यालाही 'आयएनजी' चालते : 'आय सजेस्ट सेंडिंग अ न्यू सॅम्पल.' स्टार्ट, बिगिन, कंटिन्यू यांना काहीही लावले तरी अर्थात फारसा फरक पडत नाही.

काही क्रियापदांना दोन्ही चालतात आणि अर्थ बदलतो. त्यांच्यासाठी इंग्रजी नियम घोकण्यापेक्षा मराठी रूप पाहणे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. 'कुलूप लावायचे लक्षात राहिले' यात काम पुढे होते : 'आय रिमेम्बर्ड टू लॉक द डोअर.' 'कुलूप लावल्याचे आठवते' यात काम मागे झाले : 'आय रिमेम्बर लॉकिंग द डोअर.' मराठीत 'आयचे' असेल तर 'टू', 'ल्याचे' असेल तर 'आयएनजी'. 'फर्गेट'लाही हेच लागू. 'चहा प्यायला थांबलो' म्हणजे 'स्टॉप्ड टू ड्रिंक टी', 'चहा पिणे सोडले' म्हणजे 'स्टॉप्ड ड्रिंकिंग टी'. 'उचलण्याचा प्रयत्न कर' म्हणजे 'ट्राय टू लिफ्ट इट', आणि 'उचलून पाहा' म्हणजे 'ट्राय लिफ्टिंग इट'. व्याकरणाची जी पुस्तके हे भेद पानभर समजावतात, त्यांना मराठीतले 'पाहा' माहीत नसते.

९. वही कशी भरावी

क्रियापदे अकारविल्हे लिहू नयेत. साच्यांनुसार पाने पाडावीत. एक पान 'दॅट'चे, एक माणूस आणि 'दॅट'चे, एक माणूस आणि 'टू'चे, एक प्रश्नाचे, एक 'टू'चे, एक 'आयएनजी'चे. 'टेल'सारखे क्रियापद दोन-तीन पानांवर येईल, ते यावेच. प्रत्येक क्रियापदासमोर कोशातील उदाहरण न उतरवता आपल्या घरचे किंवा कामाचे एक वाक्य लिहावे. कोशातील लंडनच्या भुयारी रेल्वेचे वाक्य दुसऱ्या दिवशी आठवत नाही, 'माय मदर मेड मी ईट अनदर भाकरी' आठवते. शेवटचे पान 'हे चालत नाही' या नावाने राखून ठेवावे आणि तेथे 'सजेस्ट यू टू', 'एक्स्प्लेन मी', 'टोल्ड दॅट', 'वॉन्ट दॅट', 'मेड मी टू' अशी रूपे आडवी रेघ मारून लिहावीत. संगणकातील शुद्धिलेखन तपासणारी सोय यांतील काही पकडते, काही सोडते. तिच्या भरवशावर वही बंद करू नये.

१०. एक पत्र, वाक्यावाक्याने

जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि शहरातले अनेक कारखाने बंद राहतात. त्या आधी ग्राहकाला जाणारे पत्र घेऊ.

'यात्रेमुळे कारखाना तीन दिवस बंद राहील असे कळवतो.' आधी 'असे' उलटून 'कळवतो की' करावे. 'इन्फॉर्म'ला माणूस हवा : 'वी वुड लाइक टू इन्फॉर्म यू दॅट अवर फॅक्टरी विल बी क्लोज्ड फॉर थ्री डेज ड्यू टू अ लोकल फेस्टिव्हल.'

'माल त्याआधी पाठवावा असे आपल्याला वाटत असल्यास सांगावे.' 'पाठवावा' ही खूण दिसली, म्हणून 'वॉन्ट', माणूस आणि 'टू' : 'प्लीज टेल अस इफ यू वॉन्ट अस टू शिप द गुड्स बिफोर दॅट.' पहिल्या भागातील 'टेल'ने 'अस' मागितला, दुसऱ्या भागातील 'वॉन्ट'नेही मागितला, दोन्ही ठेवावेत.

'सॅम्पल मिळाले की नाही ते कळवावे.' शंकेचा 'की', म्हणून 'व्हेदर' : 'प्लीज लेट अस नो व्हेदर यू हॅव रिसीव्ह्ड द सॅम्पल्स.' 'लेट'मुळे 'नो'च्या आधी 'टू' नाही, आणि 'नो'मुळे पुढे प्रश्नाचे वाक्य; एका ओळीत दोन पायऱ्या आल्या. गौण वाक्यातला क्रम सरळ आहे, 'हॅव यू' नाही, हेही पाहून घ्यावे.

'आपल्या उत्तराची वाट पाहतो.' 'वी लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.' येथील 'टू' हा क्रियापदाचा नसून शब्दयोगी अव्ययासारखा आहे, म्हणून त्याच्यामागे 'हिअर' नव्हे तर 'हिअरिंग'.

पत्राखाली 'मिळाल्याचे कळवावे' अशी एक ओळ जोडण्याची पद्धत आहे. तेथे 'प्लीज कन्फर्म अस' असे लिहिले जाते, पण 'कन्फर्म' हा 'से'च्या बाजूचा असून त्याला माणूस थेट जोडता येत नाही. 'प्लीज कन्फर्म दॅट यू हॅव रिसीव्ह्ड धिस मेल' एवढे लिहावे आणि पत्र पाठवावे.